बेटावरची सहल: एजंटाला आपण नेमके कशाचे पैसे देतो?

गणपती उठले की कोल्हापुरात दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं याची बोलणी सुरू होतात. गोवा, मालवण, तारकर्ली सगळ्यांचं करून झालेलं असतं. सकाळी गाडी काढली की दुपारच्या जेवणाला समुद्र. आता नावं निघतात ती अंदमान, मालदीव, बाली, मॉरिशसची. भिशीचा ग्रुप असो, नवं जोडपं असो नाहीतर नुकतेच रिटायर झालेले सर आणि बाई, बोलणं येऊन अडतं एकाच प्रश्नावर: एजंटाकडनं जायचं का मोबाईलवर स्वतःच बुकिंग मारायचं?

"एजंट कापतो" म्हणणारे आणि "डोक्याला ताप नको" म्हणणारे, दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. माझ्या मते बघायचं ते एवढंच की त्या बेटावर पोचायला वाटेत जोड किती आहेत, आणि त्यातला एखादा निसटला तर निस्तरणार कोण.

जोड म्हणजे काय ते अंदमानवरनं बघू. कोल्हापूरहून मुंबई, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, व्होल्वोनं किंवा उजळाईवाडीहून विमानानं. मुंबईहून बहुतेक वेळा चेन्नई, बेंगळुरू किंवा कोलकात्याला विमान बदलून पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. तिथं एक मुक्काम, मग धक्क्यावर जाऊन हॅवलॉकची, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपची बोट. बोटीतून उतरल्यावर हॉटेलपर्यंत गाडी. मग नील, म्हणजे शहीद द्वीपची दुसरी बोट. आणि हे सगळं परत उलटं. रेल्वेचा मालक वेगळा, विमानाचा वेगळा, बोटीचा वेगळा, हॉटेलचा वेगळा. समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली तर हॉटेलवाला म्हणतो, खोली तुमच्या नावावर होती, तुम्ही आला नाही. विमान कंपनीला तर तुमच्या बोटीशी काही देणंघेणंच नाही. महाबळेश्वरला जाताना असले जोड नसतात, म्हणून तिथं एजंटाची गरज पडत नाही.

यातला पहिलाच जोड आपल्याकडचे लोक सगळ्यात कमी मोजतात. कोल्हापूर-मुंबई तिकीट वेगळं आणि मुंबईहून पुढचं वेगळं काढलं असेल, तर ते दोन स्वतंत्र व्यवहार झाले. पहिलं विमान दोन तास उशिरा उडालं आणि दुसरं हुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही 'नो शो'. पैसे बुडाले. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असते तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असती. त्यामुळं वेगळी तिकिटं असतील तर आदल्या दिवशीच मुंबई गाठायची. पावसाळ्यात तर नक्कीच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ पुण्याकडची वाट बंद पडली, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मुंबईतला एजंट मात्र हे धरून चालत नाही. गावातला चांगला एजंट धरतो. गावातल्या एजंटाला दोन पैसे जास्त द्यायचे ते अशा गोष्टींसाठी.

मालदीवला जोडांची संख्या कमी, पण एक फार महागडा. मालेला उतरल्यावर रिसॉर्टपर्यंत स्पीडबोट किंवा सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरणारं असेल तर ती रात्र मालेत किंवा हुलहुमालेत काढावी लागते, म्हणजे रिसॉर्टची एक रात्र गेली आणि वरनं दुसरं हॉटेल. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी शेकडो डॉलरांत जातं आणि ते बऱ्याच जाहिरातींच्या आकड्यात धरलेलं नसतं. सामानही साधारण २० किलो आणि हातातली ५ किलोची पिशवी, एवढंच. स्वस्त विमान तिकीट बघून हुरळून जाण्याआधी ते किती वाजता उतरतंय ते बघा.

एजंट म्हणजे नक्की कोण

राजारामपुरीत किंवा स्टेशन रोडला जो बसतो तो बहुतेक वेळा साखळीतला शेवटचा माणूस असतो. त्याच्या मागं मुंबई-दिल्लीचा घाऊक व्यापारी किंवा एजंटांसाठीचं पोर्टल, त्याच्या मागं त्या बेटावरची 'डीएमसी', म्हणजे तिथली गाड्या-बोटी-हॉटेलं जुळवणारी स्थानिक कंपनी. विमानतळावर तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असतो तो या डीएमसीचा माणूस. लग्नात मांडववाला म्हणतो, आचारी, बँड, फुलं सगळं मी बघतो, तसंच हे. आचारी त्याचा नसतो, पण जेवण खारट झालं की आपण त्यालाच धरतो. म्हणून एजंटाला विचारायचा पहिला प्रश्न: तिथलं काम कोण बघणार, आणि रात्री दहा वाजता गाडी आली नाही तर मी कुणाला फोन लावू? ज्याच्याकडं नाव आणि नंबर तयार असतो तो काम केलेला माणूस. "आमचाच माणूस आहे ओ, काळजी करू नका" हे उत्तर धरू नका.

ग्रुप टूर कंपन्यांचा प्रकार वेगळा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांची कोल्हापुरात ऑफिसं किंवा फ्रँचायझी आहेत. तारीख ठरलेली, बस ठरलेली, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, आणि चौथ्या दिवशी लोकांना घरची आठवण यायला लागली की वरण-भात. परदेशात पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांना, किंवा कांदा-लसूण-कंदमूळ न खाणाऱ्या जैन कुटुंबांना हा प्रकार सोयीचा पडतो. बेटाच्या सहलीला मात्र तो मला थोडा जाच वाटतो. पाण्यात पाय सोडून बसायला गेलेल्या माणसाला सकाळी सहाला 'वेकअप कॉल' कशाला?

एजंट कमावतो कशावर? विमान तिकिटावर त्याला आता फारसं सुटत नाही. कंपन्यांनी कमिशन कधीच आवळलं, त्यामुळं तो सर्व्हिस चार्ज लावतो. खरी कमाई हॉटेल आणि 'लँड पॅकेज'वर, म्हणजे विमान सोडून तिथली राहण्या-फिरण्याची सोय. हॉटेल त्याला 'नेट रेट' देतं, तो त्यावर आपले पैसे चढवून आपल्याला सांगतो. यात चोरी काही नाही, किराणा दुकानदारही तेच करतो. हाच नेट रेट कधीकधी मोबाईलवर दिसणाऱ्या भावाच्याही खाली असतो, तेव्हा एजंट त्याचे पैसे काढूनही स्वस्त पडतो. मे महिना किंवा दिवाळीसाठी काही एजंट 'सीरीज फेअर'च्या सीटा आधीच उचलून ठेवतात. सीट मिळते, भाव बरा असतो, पण तिकीट रद्द केलं तर बहुतेकदा दमडी परत येत नाही. घेण्याआधी तेवढं विचारा.

कोटेशन कसं वाचायचं

व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. पहिल्या पानावर निळंशार पाणी, झोपाळा, खाली मोठ्या अक्षरात आकडा. हा आकडा शेवटी वाचायचा.

सुरुवात रात्रींपासून. '४ रात्री ५ दिवस' यातला पहिला दिवस उतरण्यात आणि शेवटचा निघण्यात जातो, हातात राहतात तीन. अंदमानात त्या तीन दिवसांनाही कात्री लागते. देशभर घड्याळ एकच, पण पोर्ट ब्लेअर कोल्हापूरच्या इतकं पूर्वेला आहे की सूर्य तिथं आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. 'दुपारी ४ नंतर राधानगर बीचवर निवांत वेळ' असं लिहिलेलं असेल तर तो निवांतपणा जेमतेम तासाभराचा. ज्यानं कार्यक्रम आखलाय तो तिथं गेलाय की नाही, हे अशा ओळीवरनं कळतं.

मग 'ट्विन शेअरिंग'. म्हणजे एका खोलीत दोघं धरून माणशी भाव. एकटी आत्या सोबत येणार असेल तर तिला तो भाव लागू नाही. तिची वेगळी खोली चांगलीच महाग पडते. तिसरा माणूस त्याच खोलीत घातला तर 'एक्स्ट्रा बेड', आणि हा बेड म्हणजे अनेकदा जमिनीवरची गादी असते. साठीच्या माणसाला गुडघ्याचं दुखणं असेल तर हे आधीच बोलून घ्या. मुलांचे दर 'विथ बेड' आणि 'विदाऊट बेड' असे दोन येतात.

जेवणाची अक्षरं सगळ्यात महत्त्वाची. 'ईपी' म्हणजे नुसती खोली, 'सीपी' म्हणजे खोली आणि नाश्ता, 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण, 'एपी' म्हणजे तिन्ही वेळचं. हॅवलॉकला सीपी घेतलं तरी चालतं. बाहेर पडलात की खायला मिळतं, ताजी मासळी मिळते. मालदीवच्या रिसॉर्टवर हीच काटकसर अंगाशी येते. अख्खं बेट त्या एकाच हॉटेलचं. बाहेर म्हणजे पाणी. जेवायचं तर तिथंच, डॉलरमध्ये. तिथं एपी किंवा 'ऑल इन्क्लुझिव्ह' घेतलेलं परवडतं. ज्यांना एवढा खर्च नको त्यांच्यासाठी माफुशीसारखी वस्तीची बेटं आहेत, तिथं गेस्ट हाऊस आणि साधी हॉटेलं चालतात. तिथं दारू मिळत नाही आणि पोहायचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच घालायचे. मुंबईच्या ड्युटी फ्रीमधली बाटली घेऊन मालेला उतरलात तर ती कस्टमवाले काढून ठेवतात आणि परत निघताना देतात. मित्रांच्या ग्रुपनं एवढं वाक्य दोनदा वाचावं.

मालदीवच्या दरापुढं दोन अधिक चिन्हं दिसतील, 'प्लस प्लस'. एक १० टक्के सर्व्हिस चार्जचं, दुसरं करांचं. पर्यटनावरचा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आणि तो सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरची खोली ११० झाली आणि मग १२८ डॉलर ७० सेंट. यावर 'ग्रीन टॅक्स' माणशी, रोजचा. रिसॉर्टला तो २०२५ पासून १२ डॉलर आहे. चौघं चार रात्री राहिले तर १९२ डॉलर नुसते याचेच. एजंटाला एकच वाक्य लिहायला सांगा: सगळे कर धरून, ट्रान्सफर (विमानतळ ते हॉटेल ने-आण) धरून, माणशी एकूण किती? बालीतही फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख इंडोनेशियन रुपियाची पट्टी घेतात. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, आपल्या पैशात ती हजाराच्या आतबाहेर बसते. व्हिसाचे पैसे त्याहून वेगळे.

'ऑर सिमिलर' हे दोन शब्द हॉटेलच्या नावापुढं असतील तर ते नाव धरू नका. बुकिंग पक्कं करताना 'ऑर सिमिलर' काढून घ्या किंवा बदली हॉटेलचं नाव लिहून घ्या. 'एसआयसी' म्हणजे इतरांबरोबर बसमध्ये. बस प्रत्येक हॉटेलवर थांबत जाते. 'प्रायव्हेट' म्हणजे गाडी तुमची एकट्याची. दोन एजंटांच्या कोटेशनमध्ये माणशी काही हजारांचा फरक दिसला तर तो बऱ्याचदा या दोन शब्दांत, बोटीच्या वर्गात आणि विमानाच्या वेळेत सापडतो. आकड्याची तुलना करण्याआधी या तीन गोष्टी सारख्या करून मागा.

पाऊस सगळीकडं एकदम पडत नाही

आपल्याकडं पाऊस जूनमध्ये लागतो म्हणून मे मोकळा समजतो. मोसमी पाऊस केरळात यायच्या आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. शाळेच्या सुट्टीचा शेवट धरून अंदमान काढलं तर बोटी रद्द होण्याची भीती आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला बंगालच्या उपसागरात वादळं उठतात, म्हणजे दिवाळीलाही थोडा जुगारच. डिसेंबर ते एप्रिल चांगला.

श्रीलंकेला मे ते सप्टेंबर पाऊस नैर्ऋत्य बाजूला असतो, त्याच वेळी त्रिंकोमालीचा पूर्व किनारा कोरडा असतो. थायलंडमध्ये फुकेतला पावसाळा मे ते ऑक्टोबर, तर पलीकडच्या कोह सामुईला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. "थायलंडला ऑफ सीझन आहे, स्वस्तात देतो" असं कुणी म्हटलं तर कुठला किनारा ते विचारा. बालीत नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मार्चच्या आसपास 'न्येपी' हा मौनाचा दिवस येतो. त्या दिवशी अख्खं बेट बंद, विमानतळसुद्धा. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, तिथं ऋतू उलटे. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. मॉरिशसला आपल्या माणसाला मजा वाटते ती अशी की गाडीतनं जाताना दोन्ही बाजूला ऊसच ऊस दिसतो, आणि तिथं मराठी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शाळेत मराठी शिकवतात. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

लक्षद्वीपचं नाव जानेवारी २०२४ ला पंतप्रधान जाऊन आल्यापासून फार ऐकू येतं. भारतीयांनाही तिथं परमिट लागतं, विमान फक्त अगत्तीला उतरतं, नाहीतर कोचीहून जहाज. खोल्या मोजक्याच. परमिट काढून देणारा अनुभवी एजंट असेल तरच त्या वाटेला जावं.

पैसे देताना

"ओळखीतला आहे, बिल कशाला?" हे आपल्या गावाचं आवडतं वाक्य. बिल घ्या. पॅकेजवर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो. परदेशी पॅकेज असेल तर वरनं टीसीएस, त्यासाठी पॅन द्यावा लागतो. टीसीएस हा खर्च नव्हे. सरकारकडं आगाऊ भरलेला आयकर. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून पैसे घरातल्या रिटर्न भरणाऱ्या माणसाच्या नावानं आणि पॅननं द्यायचे. आजोबांच्या पॅनवर टाकलं आणि ते रिटर्न भरत नसतील तर परतावा मिळवायला रिटर्न भरावं लागणार. दर ऑक्टोबर २०२३ ला वाढले, १ एप्रिल २०२५ ला ७ लाखांची मर्यादा (जिच्या वरच्या रकमेला जास्त दर लागायचा) १० लाखांवर गेली होती. बजेटागणिक हे हलतं, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा दर बिलावर बघा. नुसतं विमान तिकीट काढलं तर ते पॅकेज होत नाही. तिकीट आणि हॉटेल एकत्र एकाकडून घेतलं की होतं.

ॲडव्हान्स दिल्यावर एजंट तिकिटाचा फोटो पाठवतो. त्यावर विसंबू नका. पीएनआर आणि आडनाव घालून विमान कंपनीच्या साईटवर स्वतः बघा. पीएनआर दिसला म्हणजे तिकीट झालंच असं नसतं. एजंट काही तास जागा नुसती धरूनही ठेवू शकतो. एअर इंडियासारख्या कंपनीत तिकीट खरंच निघालं की १३ आकडी नंबर पडतो, एअर इंडियाचा ०९८ नं सुरू होतो. हॉटेलचंही तसंच: व्हाउचर आल्यावर हॉटेलला एक मेल टाकायचा, या नावानं या तारखेला बुकिंग आहे का आणि पैसे पोचलेत का. एजंटाला राग येत असेल तर येऊ दे. आणि नावं पासपोर्टबरहुकूम. 'पाटील' हे स्पेलिंग पासपोर्टवर वेगळं आणि तिकिटावर वेगळं, असं होतं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक हवी. बुकिंगच्या आधी बघा, नंतर नको.

स्वतः कधी करावं? एकच बेट, एकच हॉटेल, थेट विमान, तिघं-चौघं माणसं आणि घरात इंग्रजीत मेल लिहिणारा एक तरुण. बाली किंवा फुकेत असं जमतं, तिथं हॉटेलांचे भाव उघडे असतात आणि गाड्या जागेवर मिळतात. दोन-तीन बेटं, म्हातारी माणसं, बारा जणांचा गोतावळा असेल तर एजंटाकडं जा, आणि घासाघीस आकड्यावर कमी, जोडांवर जास्त करा.

एक गोष्ट बहुतेक कोटेशनमध्ये चुकीच्या जागी असते: स्कूबा डायव्हिंग. खोल पाण्यातून वर आल्यावर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. लगेच विमानात बसलं तर कमी हवेच्या दाबानं त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. डायव्ह आणि विमान यात निदान १८ तास ठेवावेत. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी फ्लाइट असं लिहिलेलं दिसलं तर स्कूबा अलीकडं ओढून घ्या. इन्शुरन्समध्ये पाण्यातले खेळ धरलेत का, आणि बीपी-शुगरसारखे आधीचे आजार धरलेत का, हेही त्याच बैठकीत विचारा.

ठरलेलं मिळालं नाही तर जागेवरच फोटो काढा, एजंटाला व्हॉट्सअॅपवर लिहा, तोंडी भांडण वेगळं करा. परत आल्यावर त्यानं दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी केस कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात घालता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तिथं उपयोगी पडतात बिल, बँकेची नोंद, आणि ती पहिली पीडीएफ. ती फोनमधून डिलीट करू नका.